मास्क निघालाच नाही

परवा रात्री पावणेबाराला आमची चिऊ (वय वर्षे आठ) उशी काखेत मारून आमच्या खोलीत आली आणि म्हणाली, "आई, पण त्यांनी मास्क का नाही काढला?"

मी अर्धवट झोपेत, मला वाटलं शाळेतलं काहीतरी विचारतेय. तर नाही. संध्याकाळी आम्ही दोघींनी जे बघितलं होतं ते तिच्या डोक्यात अजून चालूच होतं. आणि चूक सगळी माझीच, कारण ते दाखवायची हौस मला.

झालं असं की ऑक्टोबर संपत आलाय, आमच्या एडिसनमध्ये (अमेरिकेत, न्यू जर्सीत) निम्म्या घरांसमोर प्लास्टिकचे सांगाडे लागलेत, शेजारच्या काकूंनी तर भोपळा आणि दिवाळीच्या पणत्या एकाच पायरीवर मांडल्यात (एका खर्चात दोन सण, म्हणाल्या) आणि चिऊला यंदा हॅलोविनला व्हेल्मा व्हायचंय. व्हेल्मा म्हणजे 'स्कूबी-डू' ह्या कार्टूनमधली ती केशरी स्वेटर आणि जाड चष्मा घालणारी हुशार मुलगी. स्वेटर मिळाला, चष्मा माझा जुना निघाला, मग "तयारी म्हणून" रोज एकेक एपिसोड बघणं सुरू झालं. जुने, १९६९ वाले. आणि मग मला आठवलं की ह्याच मंडळींचं एक हॅलोविन स्पेशल होतं, स्वतःचीच टर उडवणारं. 'द स्कूबी-डू प्रोजेक्ट'. वीसेक मिनिटांचं आहे, कुणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलं नेटवर सापडतं. लावलं. इथेच माती खाल्ली.

थोडं मागे जाते, नाहीतर कळायचं नाही.

आमच्याकडे चिपळूणला केबल आली तेव्हा कार्टून नेटवर्क दिवसा असायचं आणि रात्र झाली की तेच चॅनल टीएनटी होऊन जायचं, म्हणजे समोर कुत्रा पळत असायचा आणि बघता बघता कुणीतरी टोपीवाला माणूस ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सिगारेट ओढायला लागायचा. ९५ नंतरची गोष्ट. सगळं इंग्लिशमध्ये, आणि आमचं इंग्लिश पाचवीच्या पुस्तकाएवढं. पण स्कूबी-डूला भाषा लागतच नव्हती हो. एक रंगीत व्हॅन, चार पोरं (फ्रेड, डाफ्नी, व्हेल्मा, शॅगी), एक भित्रा कुत्रा स्कूबी. पडका वाडा नाहीतर बंद पडलेली जत्रा. भूत येतं, सगळे पळतात, एका दारातून आत जाऊन भलत्याच दारातून बाहेर येतात, शॅगी आणि स्कूबी मधेच दीड फुटाचं सँडविच खातात, फ्रेडचा सापळा फसतो, तरी भूत पकडलं जातंच, आणि मग तो क्षण. भुताच्या डोक्यावरचा मास्क ओढला की आतून निघतो एक साधा माणूस. वॉचमन, मॅनेजर, म्युझियमवाला. "तुम्ही आगाऊ पोरं मधे कडमडला नसतात तर निसटलोच असतो," अशा अर्थाचं काहीतरी तो बडबडतो आणि पोलीस त्याला घेऊन जातात.

पहिलाच एपिसोड, १३ सप्टेंबर १९६९ चा, त्यात ब्लॅक नाइट म्हणून चिलखतातलं भूत आहे. मास्क काढला तर म्युझियमचा क्युरेटर, चित्रांची चोरी करणारा. दुसऱ्या एकात खाणीतला म्हातारा मायनर. मास्क काढला तर तिथलाच नोकर, ज्याला जमिनीखाली तेल लागलंय हे कळलेलं असतं आणि मालक घाबरून जमीन स्वस्तात सोडून जावा म्हणून हे सगळं नाटक. मला मोठी झाल्यावर कळलं की ही भुताची मालिका नाहीच, ही जमिनीच्या व्यवहारांची मालिका आहे. सातबारा नीट वाचला असता तर निम्मे एपिसोड पाच मिनिटांत संपले असते.

आणि हे मास्क प्रकरण गंमत म्हणून आलेलं नाही. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पालकांच्या संघटना मुलांच्या कार्टूनमधल्या मारामारीवर खवळल्या होत्या, सुपरहिरोवाली कार्टून्स बंद पडत होती, म्हणून सीबीएस चॅनलच्या फ्रेड सिल्व्हरमनला मुलांसाठी काहीतरी बिनमारामारीचं हवं होतं. हॅना-बार्बेरा कंपनीत जो रुबी आणि केन स्पिअर्सनी हे रचलं. पण पहिला आराखडा चॅनलच्या साहेबांनी परत पाठवला, फारच भीतीदायक आहे म्हणून! मग भीती कमी आणि कुत्रा जास्त केला. कुत्र्याचं नावसुद्धा सिल्व्हरमनला विमानात सिनात्राचं गाणं ऐकताना सुचलं, शेवटी तो डू-बी-डू-बी-डू करतो ना, त्यातून. चित्र काढणारे इवाओ ताकामोटो, त्यांनी ग्रेट डेन पाळणाऱ्या एका सहकारी बाईंकडून उत्तम जातिवंत कुत्रा कसा असतो ते नीट समजून घेतलं आणि बरोब्बर उलटं काढलं, पाय फेंगडे, पाठ उतरती, हनुवटी दुहेरी. मला हा किस्सा फार आवडतो. नियम माहीत असल्याशिवाय तो असा मोडता येत नाही.

तर आता प्रोजेक्ट.

१९९९ च्या उन्हाळ्यात 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला होता. कॉलेजची तीन पोरं जंगलात चेटकिणीवर डॉक्युमेंटरी करायला जातात आणि परत येत नाहीत, फक्त त्यांच्या कॅमेऱ्यातलं शूटिंग सापडतं, आणि ते आपण बघतोय. हात हलतोय, अंधार, धापा, रडणं. वेबसाइटवर पोरं हरवल्याची माहिती अशी टाकली होती की लोकांना ते खरंच वाटलं. किरकोळ पैशात बनलेल्या सिनेमाने जगभरात जवळपास पंचवीस कोटी डॉलर कमावले. आता इथे मला एक सांगायचंय, हा पिक्चर मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मी अजिबात घाबरले नाही कारण मला कथा माहीत होती. त्यात ती पोरं दिवसभर एकाच दिशेला चालतात, चालतात, आणि संध्याकाळी परत ओढ्यावरच्या त्याच ओंडक्यापाशी येतात. अहो हा चकवा! कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा. माझी आजी सांगायची की चकवा लागला की तिथंच बूड टेकायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. मेरीलँडच्या त्या पोरांना एक आजी असती तर पिक्चर अर्ध्या तासात संपला असता.

कार्टून नेटवर्कवाल्यांनी काय केलं, की हीच कल्पना उचलली आणि त्या जंगलात स्कूबीची गँग सोडली. जंगल खरं, माणसं कार्टूनची. कॅमेरा ह्यांच्याच हातात, त्यामुळे फ्रेम तिरकी, झाडं हलतायत, मधेच डाफ्नी अर्धीच दिसतेय. गावातल्या लोकांच्या मुलाखती. मग तंबू, रात्र, आवाज, एकमेकांवर चिडणं. स्कूबी-डूमध्ये कधी कुणी कुणावर खरं चिडलेलं मी बघितलं नव्हतं, इथे ते चिडतात आणि पहिली पाचेक मिनिटं हसून झाल्यावर पोटात कसंतरी होतं. आवाजही ओळखीचेच आहेत. फ्रेडला तर १९६९ पासून तोच माणूस आवाज देतोय, फ्रँक वेल्कर, इथेही तोच. शॅगीचा मूळ आवाज मात्र नाही, कारण केसी केसम तेव्हा रुसून बाहेर होते. ते कट्टर शाकाहारी, आणि शॅगीच्या आवाजात एका बर्गरची जाहिरात करायला सांगितल्यावर त्यांनी कामच सोडलं, पुढे २००२ मध्ये परतले ते शॅगीला शाकाहारी करा ह्या अटीवर. आमच्या घरी हे ऐकून सासूबाईंना शॅगीबद्दल एकदम आदर वाटायला लागलाय.

सगळ्यात खतरनाक गोष्ट म्हणजे हे कधी आणि कसं दाखवलं ते. ३१ ऑक्टोबर १९९९, हॅलोविन. त्या दिवशी चॅनलवर जुन्या स्कूबीची मॅरेथॉन लागली होती, आणि एपिसोडच्या मधे मधे ह्याचे तुकडे. म्हणजे विचार करा, तुम्ही आठ वर्षांचे आहात, मांडीत चॉकलेटची पिशवी आहे, दर अर्ध्या तासाने एकेका भुताचा मास्क निघतोय, आतून कुणीतरी टकला मॅनेजर बाहेर पडतोय, तुम्ही निवांत, आणि मधेच तीच पोरं त्या जंगलात, आणि त्या जंगलात काही केल्या मॅनेजर सापडत नाहीये. आणि शेवटी सापडतच नाही. मास्क निघत नाही, कारण मास्क नसतोच. भूत खरं असतं.

एकाच दिवशी नियमही दाखवला आणि मोडूनही दाखवला. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल ते असेल, पण विडंबन म्हणजे फक्त वेडंवाकडं तोंड करून दाखवणं नाही हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. शॅगीचं खाणं, व्हेल्माचा पडणारा चष्मा, ह्याची टिंगल कुणीही करेल. ह्यांनी बरोब्बर ती एकच खुंटी काढून घेतली जिच्यावर अख्खी मालिका टांगलेली होती.

तसं घरच्याच लोकांनी हा नियम आधीही मोडला होता म्हणा. १९८५ मध्ये तेरा खऱ्या भुतांची एक मालिका काढली होती आणि १९९८ च्या 'झोंबी आयलंड'ची तर जाहिरातच अशी होती की ह्या वेळी राक्षस खरे आहेत. पण तिथे ती गोष्ट म्हणून मोडलेली, शेवटी सगळे सुखरूप घरी. इथे घरी कुणी येतच नाही. पुढे २००१ च्या हॅलोविनला ह्याच चॅनलने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डू' केलं, सत्तरच्या दशकात पाहुणे कलाकार आणून केलेल्या एपिसोडची टर, गॅरी कोलमन वगैरे मंडळी स्वतःच्याच आवाजात. ते मजेशीर आहे, बघा, हसाल, आणि रात्री झोपाल.

आम्ही झोपलो नाही. चिऊ आमच्या दोघांच्या मधे आडवी, आणि प्रश्न सुरू. मग ते परत आले का? मग व्हॅन कुणी नेली? त्यांच्या आयांना कळलं का? शेवटच्या प्रश्नावर मला बोलताच येईना. नवरा म्हणाला, अगं कार्टून आहे, झोप. ती म्हणाली, बाबा, जंगल कार्टून नव्हतं. बरोबर आहे ना. ह्या पोरीला नेमकं तेच खुपलं जे त्या लोकांनी मुद्दाम केलं होतं.

साडेबाराला ती झोपली, आम्ही टक्क जागे. मग नवऱ्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, ह्याच आठवड्यातलं दुसरं आहे, ते मोठ्यांचं. 'साउथ पार्क' ह्या कार्टूनचा हॅलोविन एपिसोड. तारीख बघितली तर २७ ऑक्टोबर १९९९, म्हणजे प्रोजेक्टच्या बरोब्बर चार दिवस आधी. दोन वेगळी चॅनल्स, दोन वेगळी टाळकी, एकाच आठवड्यात एकाच कुत्र्याच्या मागे. नवरा इंजिनिअरिंगला असताना कॉर्न नावाच्या बँडचा भक्त होता, हॉस्टेलवर एमपीथ्रीची सीडी फिरायची तेव्हाचा, आणि ह्या एपिसोडमध्ये तो अख्खा बँड स्वतःच्या आवाजात आहे. मूळ मालिकेतल्यासारखी व्हॅन घेऊन गावात येतो आणि समुद्री चाच्यांच्या भुतांचं रहस्य सोडवतो. त्यांचं नवीन गाणंसुद्धा ह्याच एपिसोडमधून पहिल्यांदा बाहेर आलं. पडद्यावर असल्या केसांची, असल्या आवाजाची माणसं, पण वागायला एकदम साठच्या दशकातली गुणी बाळं, "चला, आधी पुरावे शोधूया". नवरा उशीत तोंड खुपसून हसत होता.

एपिसोड घाण आहे, आधीच सांगते. पाचवीच्या पोरांना घाबरवायचं म्हणून साउथ पार्कची पोरं आपल्यातल्याच एकाच्या मेलेल्या आजीला उकरून काढतात. मुलांना दाखवू नका, जेवताना बघू नका. पण शेवट! शेवट असा की भुतांच्या मागे निघतात गावचे पाद्री, ज्यांना हॅलोविन पाप वाटतं आणि लोकांनी घाबरून तो सोडावा असं वाटतं. इथपर्यंत ठीक, स्कूबीचा नियम पाळला. मग बँडवाले समजावून सांगतात की एवढी मोठी भुतं, जहाजासकट, कशी केली, तर म्हणे टॉर्च, कान साफ करायच्या काड्या, असल्या चिल्लर सामानातून. कसं शक्य आहे ते कुणी विचारत नाही. सगळे "अच्छा, असं होय!" करतात आणि विषय संपतो.

मी तिथे पॉज केलं. कारण लहानपणी मी पण हेच करायचे. मूळ मालिकेत भूत हवेत उडायचं, भिंतीतून जायचं, आणि शेवटी फ्रेड सांगायचा की प्रोजेक्टर होता, तार होती, चमकणारा रंग होता. मी मान डोलवायचे. एकदाही विचारलं नाही की जंगलात प्रोजेक्टरला लाइट कुठून आली. (आमच्याकडे तर पंख्याला नसायची.) मला खुलासा खरा असायला नकोच होता, कुणीतरी खुलासा दिला एवढं पुरेसं होतं. एका विडंबनाने मास्क काढलाच नाही आणि दुसऱ्याने काढून आत काय फालतू सामान आहे ते दाखवलं. घाबरले मी पहिल्यात, पण खजील झाले दुसऱ्यात.

एक गोष्ट सांगून टाकते कारण ती कळल्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. साउथ पार्कमधल्या बहुतेक बायकांचे आणि मुलींचे आवाज तेव्हा मेरी के बर्गमन करायची. आणि प्रोजेक्टमधली डाफ्नी पण तीच. ११ नोव्हेंबर १९९९ ला ती गेली. तिने स्वतःच स्वतःला संपवलं, ३८ वर्षांची होती, आतल्या आत घाबरण्याच्या आजाराने बेजार झालेली आणि बऱ्याच लोकांना ते माहीतच नव्हतं. म्हणजे त्या हॅलोविननंतर दोन आठवडेही नाही. परत ते जंगल आणि तो आवाज ऐकायला मी काही लॅपटॉपला हात लावला नाही.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा कप हातात घेऊन चिऊने जाहीर केलं की तिने केस सोडवलीये. तो जंगलवाला बिल्डर होता. त्याला तिथे मॉल बांधायचा होता. मास्क घट्ट बसला होता म्हणून निघाला नाही, पोलिसांनी नंतर साबण लावून काढला. मी म्हटलं शाब्बास. मग तिला एकदम आठवलं, "आणि पणजीआजीचा मुंजा? त्याचा मास्क कुणी काढला?"

हे म्हणजे मीच कधीतरी सांगितलेलं. आमच्या गावी, गुहागरच्या वाटेवर, घरामागच्या उतारावर पिंपळ होता आणि त्याच्यावर मुंजा. मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला बटू. अंधार पडला की तिकडे कुणी जायचं नाही. गेलं तर तो झाडावरून दगड मारतो. माझ्या मावशीला लागलेला, खरंच, खूण होती कपाळावर. आमच्या आजीच्या गोष्टीत मास्क वगैरे भानगडच नव्हती, मुंजा म्हणजे मुंजा, त्याच्या आत कोण असणार?

पण पोरगी हटेना, म्हणून रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा विचारलं. आई शेंगा सोलत बसलेली. म्हटलं आई, तो पिंपळावरचा मुंजा कधीपासून होता गं?

आई हसायलाच लागली. "अगो तो? तो तुझ्या आजोबांनीच बसवलेला. पिंपळाच्या पलीकडे पायरीचं झाड नव्हतं का? आठवतंय का तुला, काय आंबा होता! शेजारची पोरं रात्रीची उतरवून न्यायची. मग एका वर्षी आजोबांनी सांगायला सुरुवात केली की मुंजा दिसला. दोन रात्री स्वतः जाऊन बसले घोंगडं घेऊन आणि मारले दगड. तुझ्या मावशीला लागला तो त्यांचाच, चुकून लागला, नंतर तिला सगळ्यात मोठा आंबा दिला."

चिऊ स्क्रीनसमोर माझा जुना चष्मा घालून बसलेली, तिने टाळ्या पिटल्या. "आय न्यू इट! जमीन!"

"जमीन नाही गं, आंबे," मी म्हटलं. पस्तीस वर्षं मी त्या मुंजाला घाबरत होते. आजोबांना!

फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "डिसेंबरात येताय ना? या. पण काय गो, तिन्हीसांजेला पोरीला घेऊन तिकडे मागे जाऊ नकोस हां."

म्हटलं आई, आत्ताच तर तू...

"ते खरं गं," ती म्हणाली. "तरी नकोच."